कचऱ्याच्या गाडीतून गेलेलं गाव

घर बदलायची वेळ आली की आपण बायका काय काय करतो! आठ दिवस आधीपासून खोकी गोळा करायची, काचेचं सामान जुन्या साड्यांत गुंडाळायचं, लोणच्याच्या बरण्यांची तोंडं फडक्यानं घट्ट बांधायची, देव सगळ्यात शेवटी उचलायचे. टेम्पोवाल्याशी घासाघीस करायची ती वेगळीच. आणि एवढं करून टेम्पो दारात आला की पहिली नजर कुठं जाते? त्याच्या हौद्यात! आधी काय भरलं होतं यात? सिमेंट? कोंबड्या? झाडून तरी घेतलाय का? मग तिथं जुनी सतरंजी अंथरल्याशिवाय आपण गादी वर चढवू देत नाही.

आता कल्पना करा, तुमचं सामान न्यायला नगरपालिकेची कचऱ्याची गाडीच दारात येऊन उभी राहिली तर?

मैत्रिणींनो, हे खरोखर घडलेलं आहे. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर नोव्हा स्कॉशिया नावाचा प्रांत आहे, त्याची राजधानी हॅलिफॅक्स. या शहराच्या उत्तर टोकाला, समुद्राच्या काठावर आफ्रिकव्हिल नावाचं एक गाव होतं. सुमारे ८० कुटुंबं, ४०० माणसं, सगळी कृष्णवर्णीय. १९६४ ते १९७० या काळात हे गाव एकेक घर करून उठवलं गेलं आणि तिथल्या अनेक बायकांचा संसार शहराच्या कचरागाड्यांत भरून नव्या पत्त्यावर नेऊन ठेवला गेला.

लेकीच्या बाळंतपणासाठी मी हॅलिफॅक्सला काही महिने होते, तेव्हा मला हे कळलं. तोवर कॅनडा म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर काय यायचं? बर्फ, मेपलची लाल पानं आणि रांगेत उभं राहून ‘सॉरी, थँक्यू’ म्हणणारी माणसं. गुलामगिरी, वर्णभेद ही सगळी शेजारच्या अमेरिकेची भानगड, असंच आमच्या पिढीनं गृहीत धरलेलं. हॅलिफॅक्समध्ये पाहुण्यांना हमखास दाखवतात ते ‘टायटॅनिक’च्या प्रवाशांचं कबरस्तान. बुडालेल्या बोटीतली माणसं तिथं पुरलेली आहेत. आम्हीही गेलो, फोटो काढले. तिथून गाडीनं थोड्याच अंतरावर पुलाखाली एक हिरवीगार बाग आहे आणि बागेत एक छोटंसं, जुन्या पद्धतीचं चर्च. जावई म्हणाले, “आई, हे बघून जाऊ, इथं एक म्युझियम आहे.” मला वाटलं, असेल काहीतरी जहाजांचं. ते चर्च म्हणजेच आफ्रिकव्हिलचं म्युझियम निघालं. आत फोटो, माहितीचे फलक. नातवंडाची गाडी पुढं-मागं हलवत मी एकेक फलक वाचत गेले. त्यानंतर जे जे मिळालं ते वाचून काढलं आणि जितकं वाचलं तितकी आतून हलत गेले.

ही माणसं इथं आली कुठून, हे आधी सांगते. इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात १८१२ ते १८१५ मध्ये युद्ध झालं. ‘आमच्या बाजूला पळून याल तर तुम्हाला स्वातंत्र्य देऊ,’ असं इंग्रजांनी अमेरिकेतल्या गुलामांना सांगितलं होतं. त्या शब्दावर विसंबून सुमारे दोन हजार कृष्णवर्णीय बायका-पुरुष-मुलं नोव्हा स्कॉशियात आली. स्वातंत्र्य मिळालं, पण जमीन मिळाली ती प्रेस्टन, हॅमंड्स प्लेन्स अशा ठिकाणची खडकाळ. तिच्यावर पोट भरेना. मग कामधंद्यासाठी काही कुटुंबं शहराच्या जवळ सरकली. विल्यम ब्राऊन आणि विल्यम अर्नोल्ड या दोघांनी १८४८ मध्ये बेडफर्ड बेसिन नावाच्या खाडीच्या काठी जमीन विकत घेतली, त्याची नोंद आहे. शब्द लक्षात ठेवा, *विकत* घेतली. म्हणजे ही काही रात्रीतून उभी राहिलेली वस्ती नव्हती. पुढच्याच वर्षी, १८४९ मध्ये, तिथं चर्च उभं राहिलं. १८८३ मध्ये शाळा आली. पोस्ट ऑफिस आलं, एक-दोन दुकानं आली. पुरुष रेल्वेत, बोटींवर, गोदीत काम करायचे. बायका शहरातल्या गोऱ्या घरांतून स्वयंपाकपाणी, धुणीभांडी करायच्या. चढावर रंगीत लाकडी घरं, खाली निळं पाणी. बेसिनमध्ये मासे धरायचे, टेकडीवर ब्लूबेरी खुडायच्या, पोरांना पोहायला जवळच तळं.

आणि चर्च! आपल्याकडे गावाचं मंदिर नुसतं पूजेपुरतं असतं का? भजन तिथं, भांडण मिटवणं तिथं, लग्नाची बोलणी तिथं. तसंच ते ‘सी व्ह्यू’ चर्च. ईस्टरच्या दिवशी पहाटेपासून प्रार्थना चालायची आणि ज्यांचा बाप्तिस्मा असेल ते खाली बेसिनच्या गार पाण्यात उतरायचे. हा सोहळा बघायला शहरातून गोरे लोकही येत. शाळेतल्या बाईंमध्ये एक होत्या पोर्शिया व्हाइट. १९३० च्या दशकात त्या इथल्या मुलांना शिकवायच्या. पुढं याच बाईंनी १९४४ मध्ये न्यूयॉर्कच्या टाऊन हॉलमध्ये गाणं गायलं आणि कॅनडाच्या पहिल्या जगप्रसिद्ध कृष्णवर्णीय गायिका म्हणून त्यांचं नाव झालं. जगज्जेता ठरलेला पहिला कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा जॉर्ज डिक्सन हाही १८७० मध्ये इथंच जन्मला. चारशे माणसांचं गाव, पण नाव काढणारी माणसं दिली होती त्यानं.

आता शहरानं या गावाला काय दिलं, ते ऐका.

पहिल्यांदा दिली रेल्वे. १८५० च्या दशकात गावाच्या मधूनच रूळ टाकले, त्यासाठी जमिनी गेल्या, घरं गेली. पुढं रूळ वाढत गेले. घरांच्या अगदी जवळून गाड्या जायच्या आणि पोरांना शाळेत, चर्चला जायचं तर रूळ ओलांडूनच. मग शहराला तुरुंग बांधायचा होता, तो आला या बाजूला. मैला टाकायला खड्डे हवे होते, ते आले इथं. साथीच्या रोगांचं हॉस्पिटल कुठं काढायचं? आफ्रिकव्हिलच्या वरच्या अंगाला. कत्तलखाना? तोही तिकडंच. आणि १९५० च्या दशकात सगळ्यावर कडी म्हणजे शहराचा उघडा कचरा डेपो गावाच्या उशाला आणून टाकला. अवघ्या शंभरेक मीटरवर. वारा आला की धूर आणि वास घरात. उंदीर किती झाले असतील, याचा अंदाज मी सांगायला नको.

मनात येतं, ज्या बाईनं सकाळी उठून लाकडी जमीन घासून पुसली असेल, पडदे धुऊन वाळत घातले असतील, तिला त्या पडद्यांना येणारा तो वास कसा सहन होत असेल? घर तिचं स्वच्छच होतं. घाण बाहेरून आणून ओतलेली होती.

आणि पाणी. हॅलिफॅक्स हे जुनं, चांगलं वसलेलं शहर. घरोघरी नळ. आफ्रिकव्हिलचे लोक शहराचा कर भरायचे, पण नळ त्यांच्यापर्यंत कधी आलाच नाही. गटारं नाहीत, पक्का रस्ता नाही, रस्त्यावर दिवे नाहीत. लोकांनी अर्ज केले, पुन्हा पुन्हा केले. विहिरी होत्या, त्यांचं पाणी बिघडत गेलं. १९६० च्या दशकातला एक फोटो आता फार प्रसिद्ध आहे. विहिरीजवळ एक पाटी ठोकलेली, ‘पिण्यापूर्वी व स्वयंपाकापूर्वी पाणी उकळून घ्या’ अशा अर्थाची. पाटी लावायला माणूस पाठवला, नळ टाकायला नाही! पाणी उकळायचं म्हणजे आधी ते विहिरीतून शेंदायचं, वाहून आणायचं, मग त्याला सरपण किंवा कोळसा लागणार. नोव्हा स्कॉशियाच्या कडाक्याच्या थंडीत. हे काम कुणाचं? घरात पुरुषांनी एक हंडा आणला असेल तर बाईनं चार आणले असतील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

या सगळ्याचा शेवट कसा झाला बघा. १९४७ मध्ये महापालिकेनं हा सगळा भाग कारखान्यांसाठी राखीव ठरवून टाकला. माणसं राहताहेत, चर्च आहे, शाळा आहे, तरी कागदावर ते ‘औद्योगिक क्षेत्र’. १९५३ मध्ये शाळा बंद झाली. मग १९५७ मध्ये शहराच्या पुनर्विकासाचा मोठा अहवाल आला. तो काळच तसा होता. अमेरिका-कॅनडातल्या सगळ्या मोठ्या शहरांत ‘शहर नूतनीकरण’ नावाचं वारं वाहत होतं. जुनं, दाटीवाटीचं, ओंगळ दिसणारं पाडायचं आणि रुंद रस्ते, पूल, उंच इमारती उभ्या करायच्या. ऐकायला किती छान! पण पाडायला निवडलेल्या वस्त्या पाहिल्या की एक गोष्ट फार वेळा सारखी दिसते. डेट्रॉइटची ‘ब्लॅक बॉटम’, सॅन फ्रान्सिस्कोचा फिलमोर भाग, कॅनडाच्याच व्हँकूव्हरमधली ‘होगन्स अॅली’. तिथं राहणारे बहुतेक जण किंवा मोठ्या संख्येनं लोक कृष्णवर्णीय. लेखक जेम्स बाल्डविन यांनी १९६३ मध्ये एका मुलाखतीत सरळच सांगून टाकलं होतं, की या नूतनीकरणाचा खरा अर्थ काळ्या माणसांना हटवणं एवढाच आहे.

हॅलिफॅक्समधल्या लोकांनी मात्र तसं अजिबात म्हटलं नाही, आणि मला यातली हीच गोष्ट सगळ्यात बोचते. त्यांनी म्हटलं, ‘हे आम्ही तुमच्या भल्यासाठी करतोय.’ गाव किती गलिच्छ आहे बघा, पाणी दूषित आहे, कचरा डेपो शेजारी आहे, अशा ठिकाणी माणसांनी राहू नये! शिवाय तो मार्टिन ल्यूथर किंगच्या चळवळीचा काळ. काळ्यांची वस्ती वेगळी असणं हाच वर्णभेद, म्हणून वस्ती मोडली की वर्णभेद मोडला, असा हिशोब. असं म्हणणाऱ्यांत चांगल्या मनाचे, सुशिक्षित, सुधारक विचारांचे लोकही होते. गोरे होते तसे काही कृष्णवर्णीयही होते. पण निर्णय जिथं व्हायचे तिथं आफ्रिकव्हिलची माणसं अगदी मोजकी.

आपल्याकडेही धरणाखाली गावं गेली. धरणग्रस्तांच्या वसाहती कितीतरी तालुक्यांत आहेत आणि त्यांतल्या म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून जुन्या गावाचं नाव ऐकलं की गलबलून येतं. पण त्यांना निदान कुणी सांगितलं नव्हतं, की तुमचं गावच वाईट आहे, म्हणून तुम्हाला उठवतोय. आफ्रिकव्हिलला ते सांगितलं गेलं. आधी गावात घाण आणून टाकायची आणि मग घाण आहे म्हणून गाव पाडायचं!

लोकांना काय हवं होतं, हे त्यांनी लपवून ठेवलेलं नव्हतं. १९६२ मध्ये त्याच चर्चमध्ये सभा झाली. लोकांनी स्पष्ट सांगितलं, आम्हाला हलवू नका, आम्हाला सोयी द्या. शहराच्या दुसऱ्या भागांना मिळतं तेच पाणी, तेच गटार, तोच रस्ता. घरं दुरुस्त करायची, नवी बांधायची परवानगी द्या. पण पुढं टोरांटोहून गृहनिर्माणातले एक प्राध्यापक तज्ज्ञ म्हणून बोलावले गेले. गावात त्यांनी घालवले जेमतेम काही तास. तेवढ्यात त्यांचा निष्कर्ष निघाला, गाव हलवा. जानेवारी १९६४ मध्ये महापालिकेनं त्यावर शिक्का मारला. शंभराहून जास्त वर्षांचं गाव आणि काही तास... आपण लग्नाची साडी घ्यायला याहून जास्त वेळ लावतो!

मग सुरू झाला कागदाचा खेळ. ज्याच्याकडे जमिनीचा पक्का कागद त्याला किमतीप्रमाणे भरपाई. पण मूळ खरेदीनंतर चार-पाच पिढ्या गेलेल्या. आजोबांनी लेकाला सांगितलं, ‘त्या कडेला तू बांध,’ लेकानं जावयाला सांगितलं, ‘हा तुकडा तुझा.’ कोर्टकचेरी कुणी केली होती? आपल्याकडेही सातबाऱ्यावर कितीतरी वर्षं पणजोबाचंच नाव असतं, नाही का? अशा बिनकागदाच्या घरांना शहरानं दिले सरसकट ५०० डॉलर. तेही हक्क म्हणून नव्हे, तर नैतिक जबाबदारी म्हणून. त्या काळीसुद्धा ५०० डॉलरमध्ये हॅलिफॅक्सला घर येत नव्हतं.

एकेका कुटुंबाशी वेगवेगळी बोलणी. त्यामुळे शेजारणीला काय मिळालं ते शेजारणीला माहीत नाही. एक घर तयार झालं की लगेच ते पाडायचं. मग त्याच्या आजूबाजूचं घर एकटं पडायचं, घाबरायचं, तेही सही करायचं. हळूहळू गावाचे दात पडावेत तसं. एक माणूस हॉस्पिटलमध्ये असताना मागं त्याचं घर पाडून टाकलं, असं तिथले लोक सांगतात.

आणि १९६७ च्या नोव्हेंबरात चर्च पाडलं. रात्री. लोक झोपलेले असताना बुलडोझर आला आणि सकाळी उठून बघतात तो चर्च नाही. ज्या चर्चमध्ये पणजीचं लग्न झालं, जिथून घरातली सगळी मयतं निघाली, ते चर्च अंधारात पाडावं असं कुणाला सुचलं असेल? दिवसाउजेडी पाडायला गेलो तर लोक आडवे येतील ही भीती असणार. म्हणजे आपण करतोय ते लोकांना नको आहे, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. ‘तुमच्या भल्यासाठी’ हे शब्द मला त्या रात्रीनंतर खरे वाटत नाहीत. चर्च गेलं आणि गाव खरं तर त्याच दिवशी संपलं, असं अनेक जुने रहिवासी म्हणत आले.

अगदी शेवटपर्यंत टिकून राहिले ते एरन कारव्हरी, सगळे त्यांना ‘पा’ म्हणायचे. वय झालेले गृहस्थ. त्यांना महापालिकेच्या कचेरीत बोलावून घेतलं. खोलीत बरीच माणसं आणि मधे एक सुटकेस, नोटांच्या पुडक्यांनी भरलेली. पैसे घ्या आणि सही करा! म्हातारबाबा चिडून तिथून निघून आले. पण अख्खा गाव उठल्यावर एकटा माणूस किती दिवस राहणार? १९७० च्या जानेवारीत त्यांचंही घर गेलं. त्याच वर्षी शेजारून जाणारा भला मोठा मॅके पूल वाहतुकीला खुला झाला.

आता पुन्हा त्या कचरागाडीकडे येऊ या. सामान हलवायला दुसरी गाडी मिळत नव्हती का? श्रीमंत शहर होतं. ट्रक होते, हमाल होते. पण कुणाच्या मनातच आलं नाही, की या सामानाला ट्रक लागतो. पलंग, आरसे, शिवणयंत्र, पाळणे हे सगळं त्या गाडीतून नव्या वस्तीत उतरलं. तिथले शेजारी खिडक्यांतून बघत होते. ज्या बाईला नव्या गल्लीत पहिल्या दिवशी कचरागाडीतून उतरताना सगळ्यांनी पाहिलं, तिला तिथं मान वर करून राहायला किती वर्षं लागली असतील? या अपमानाची आठवण आफ्रिकव्हिलच्या जुन्या माणसांनी पुन्हा पुन्हा सांगितली आहे. पैशाच्या तक्रारीइतकीच, कदाचित जास्तच. मला ते अगदी पटतं.

अनेक कुटुंबं ‘युनिअॅक स्क्वेअर’ नावाच्या सरकारी वसाहतीत गेली. नळ होता, दिवे होते, हे खरं. पण भाडं होतं. आफ्रिकव्हिलमध्ये घर स्वतःचं, त्यामुळे पैसा कमी असला तरी महिना निघायचा. मासे समुद्रातून यायचे, काही मागच्या परसातून, काही शेजारणीकडून. कामावर जाताना पोर शेजारी टाकून जायची सोय. हे सगळं एका झटक्यात गेलं. मालक होते ते भाडेकरू झाले. कितीजणांवर सरकारी मदत घ्यायची पाळी आली. नोकऱ्या, शिक्षण, पतपेढी अशी वचनं दिली होती, त्यातलं फारसं काही टिकलं नाही. डोनाल्ड क्लेअरमाँट आणि डेनिस मॅगिल या दोन समाजशास्त्रज्ञांनी पुढं या स्थलांतराचा अभ्यास केला आणि १९७४ मध्ये पुस्तक लिहिलं. लोकांचं आयुष्य सुधारेल हा दावा फोल ठरला, असं त्यातून पुढं आलं.

अन् त्या जागेवर काय झालं? इतक्या घाईनं गाव पाडलं ते कारखान्यांसाठी म्हणून. काही भाग पुलाच्या रस्त्यांना गेला, बाजूला बंदराचा विस्तार झाला. बाकीच्यावर पुढं बाग केली. गंमत म्हणजे, या बागेत कित्येक वर्षं लोक आपली कुत्री मोकळी सोडायला आणत. पणजीच्या घराच्या जागेवर दुसऱ्याचं कुत्रं धावतंय! जुन्या रहिवाशांनी त्यावर आवाज उठवला, तेव्हा कुठे ते बंद झालं.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, सगळं संपलंच की. मलाही त्या म्युझियममध्ये तसंच वाटलं होतं. पण पुढचा भाग तीन मैत्रिणींचा आहे. डेबोरा डिक्सन-जोन्स, लिंडा मँटली आणि ब्रेंडा स्टीड-रॉस. तिघी आफ्रिकव्हिलच्या, लहानपणी एकत्र खेळलेल्या. गाव गेलं तेव्हा तरुण होत्या. या तिघींनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ठरवलं, विखुरलेल्या लोकांना एकत्र आणायचं. त्यातून ‘आफ्रिकव्हिल जीनिऑलॉजी सोसायटी’ उभी राहिली. जीनिऑलॉजी म्हणजे वंशावळ. कोण कुणाची आत्या, कोण कुणाचा चुलत मामा, हे लक्षात ठेवायचं काम जगात सगळीकडे बायकाच करतात बहुधा! त्यांनी त्याच कामाची संघटना केली. १९८३ पासून दर उन्हाळ्यात त्या बागेत सगळ्यांचं संमेलन भरू लागलं. तंबू, ट्रेलर लावून लोक तिथं राहतात, आणि तंबूही जिथं आपलं घर होतं त्या बाजूला लावायचा प्रयत्न करतात. टोरांटो-माँट्रियलहून सुना-नातवंडं येतात. जेवणं, गाणी, प्रार्थना.

एडी कारव्हरी नावाच्या एका माणसानं वेगळाच रस्ता धरला. गाव पाडल्यावर १९७० मध्ये तो परत आला आणि त्या जागेवर ठाण मांडून बसला. तंबूत, मग ट्रेलरमध्ये. मधेमधे हटवलं की पुन्हा यायचा. अनेक दशकं! लोकांनी वेडा म्हटलं असेलच. पण शहराला त्यानं विसरू दिलं नाही.

विसरू न देण्याचा परिणाम होतो, सावकाश होतो. १९९६ मध्ये आफ्रिकव्हिलला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी जो सिली या पियानोवादकाचं ‘आफ्रिकव्हिल स्वीट’ हे जाझ संगीत आलं. त्याचे वडील आफ्रिकव्हिलचे. २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीनं कॅनडाला विचारलं, की या लोकांच्या भरपाईचं काय? अखेर २४ फेब्रुवारी २०१० ला हॅलिफॅक्सचे महापौर पीटर केली यांनी जाहीर माफी मागितली. अडीच एकर जागा आणि तीस लाख डॉलर, चर्चची प्रतिकृती उभारण्यासाठी. मी पाहिलं ते चर्च म्हणजे हेच. पुढच्या वर्षी बागेचं नाव बदलून आफ्रिकव्हिल केलं.

योगायोग असा, की त्याच २०१० मध्ये नोव्हा स्कॉशिया सरकारनं आणखी एका हॅलिफॅक्सकर बाईंची माफी मागितली. व्हायोला डेसमंड. ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या, स्वतःची सौंदर्यप्रसाधनं विकणाऱ्या, इतर मुलींना हा व्यवसाय शिकवणाऱ्या बाई. १९४६ मध्ये एका गावातल्या थिएटरात गोऱ्यांच्या जागेवरून उठायला नकार दिला म्हणून त्यांना रात्रभर कोठडीत ठेवलं होतं. माफी आली तेव्हा त्यांना जाऊन ४५ वर्षं झाली होती. २०१८ पासून कॅनडाच्या दहा डॉलरच्या नोटेवर त्यांचा फोटो आहे. पार्लरवाल्या बाईंचा फोटो नोटेवर! लेकीनं ती नोट मला दाखवली तेव्हा मी ती खर्चच करू दिली नाही.

२०१४ मध्ये आफ्रिकव्हिलवर टपाल तिकीट निघालं. त्यावर सात मुली आहेत, मागं गाव. हसऱ्या, नीटनेटक्या कपड्यांतल्या. ज्या वस्तीला ओंगळ म्हटलं तिथल्याच पोरी. मुलांसाठीही शाँटे ग्रँट यांनी २०१८ मध्ये याच गावावर सुंदर चित्रांचं पुस्तक केलं. आणि २०२४ मध्ये ‘युनेस्को’नं गुलामगिरीच्या इतिहासाशी जोडलेल्या स्मृतिस्थळांच्या यादीत आफ्रिकव्हिलचा समावेश केला. कॅनडातलं ते पहिलंच.

पण एक सांगायलाच हवं. २०१० च्या त्या समझोत्यात एकाही कुटुंबाच्या हातात स्वतंत्र भरपाई पडली नाही. त्यावरून जुन्या रहिवाशांत मतभेद झाले आणि काहींना अजूनही तो समझोता मान्य नाही. काही जण कोर्टात गेले. ‘चर्च मिळालं, पण माझ्या आईच्या घराचं काय?’ हा त्यांचा सवाल. मला तो रास्त वाटतो. माफी मागायला ४० वर्षं लागली, तोवर ज्यांच्या सह्या घेतल्या होत्या त्यांतली कितीतरी माणसं निघून गेली होती.

म्युझियममधून बाहेर पडलो तेव्हा खाली रुळांवरून कंटेनरची लांबच लांब मालगाडी चालली होती. सुट्टीचा दिवस होता. एक कृष्णवर्णीय आजीबाई, अंगात जाडजूड कोट, हातात काठी, दोन नातवंडांना घेऊन उताराकडे चालल्या होत्या. मधेच थांबल्या, काठीनं गवतावर एक चौकोन दाखवला आणि काहीतरी सांगू लागल्या. एवढ्या लांबून शब्द ऐकू आले नाहीत. धाकट्यानं त्या चौकोनात उभं राहून बघितलं, मग दोन पावलं सरकून पुन्हा उभा राहिला, आणि आजीकडे वळून विचारलं काहीतरी. आजींनी मान हलवली आणि काठी जरा डावीकडे नेली.